प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी परदेशी जाताना: विदर्भातील खेड्यांतल्या कुटुंबांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

घरातला मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त दुबईला, जर्मनीला अथवा अमेरिकेला असेल आणि गावाकडे वडील रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठत असतील, तर "बाबा, इकडेच या, इथे चांगले ऑपरेशन करून घेऊ" असा प्रस्ताव आता आर्वी, दारव्हा, चिखली, ब्रह्मपुरी अशा तालुक्यांतल्या घरांतही येऊ लागला आहे. त्यामागची माया खरी असते, पण हिशेब बहुधा अर्धवट असतो. वाढलेल्या प्रोस्टेटची नेहमीची शस्त्रक्रिया साधारण तास-दीड तासात उरकते; जखम पूर्ण भरून यायला मात्र सहा आठवडे लागतात. म्हणून बेत आखायचा तो विमानाच्या तिकिटापासून नव्हे, तर परतल्यावर त्या सहा आठवड्यांत गावात काय सोय असेल तिथपासून, म्हणजे मागून पुढे.

पहिली पायरी: तपासण्या इथेच पूर्ण करा

प्रोस्टेट ही पुरुषांत लघवीच्या पिशवीच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असलेली मोठ्या सुपारीएवढी ग्रंथी असते. पन्नाशीनंतर ती बहुतेकांत हळूहळू वाढते आणि आतून जाणारी नळी दाबू लागते. धार बारीक होणे, सुरू व्हायला वेळ लागणे, शेवटी थेंब थेंब गळणे, पिशवी रिकामी झाल्यासारखे न वाटणे आणि रात्री वारंवार उठावे लागणे ही त्याची लक्षणे होत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, मात्र दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी टाळून चालत नाही.

सर्वांत स्वस्त तपासणी घरीच होते. मोजमापाच्या खुणा असलेला एक प्लास्टिकचा मग घ्यावा आणि सलग तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ व माप वहीत लिहावे; शक्य तर पाणी आणि चहाही लिहावा. रानडुकरांमुळे वावरात जागलीला जाणारे अनेक जण रात्री दोन-तीनदा चहा घेतात आणि रात्रीच्या लघवीचा सगळा दोष प्रोस्टेटवर टाकतात. तीन दिवसांची वही पाहिली की डॉक्टरांना ते लगेच कळते. प्रत्येक वेळी भरपूर लघवी होत असेल तर मधुमेह तपासावा लागतो, आणि प्रत्येक वेळी थोडी थोडी होत असेल तर अडथळ्याची शंका बळावते.

रुग्णालयात सात प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात, त्याला आयपीएसएस म्हणतात. त्यात ० ते ३५ गुण असतात: ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० पासून पुढे तीव्र. बाबा संकोचाने "तसे ठीक आहे" म्हणतील, म्हणून हा तक्ता घरीच शांतपणे, एकेक प्रश्न वाचून भरावा. त्यानंतर लघवीची तपासणी व कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी), रक्तातील साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचे माप) आणि पोटाची सोनोग्राफी करतात. सोनोग्राफीत ग्रंथीचे आकारमान आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती लघवी उरते, हे दोन्ही आकडे लिहून घ्यायला सांगावे, कारण नंतर परदेशातला डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतो. पीएसए वाढलेले दिसले म्हणून घाबरू नये; जंतुसंसर्ग असेल किंवा नुकतीच नळी घातलेली असेल तरीही ते वाढते.

युरोफ्लो या तपासणीत यंत्र जोडलेल्या नरसाळ्यात लघवी करायची असते आणि धारेचा वेग आलेखावर उमटतो. सेकंदाला १० मिलीपेक्षा कमी वेग अडथळ्याकडे बोट दाखवतो. पण एका वेळी किमान १५० मिली लघवी झाली नाही तर तो आलेख भरवशाचा धरत नाहीत. गावाहून एस.टी.ने दोन तास प्रवास करून आलेला माणूस स्टँडवर उतरताच मोकळा होतो आणि मग यंत्रापुढे चार थेंबांवर उभा राहतो. तेव्हा तिथे पोचून पाणी प्यावे, जोराची घाई वाटेपर्यंत थांबावे आणि मगच नंबर लावावा.

दुसरी पायरी: शस्त्रक्रिया खरोखर लागते का

तपासण्या झाल्या की बहुतेकांना आधी गोळ्या मिळतात. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन यांसारख्या गोळ्या नळीभोवतीचा ताण सैल करतात आणि काही दिवसांतच फरक दाखवतात. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथी आकसवतात, पण त्यांना सहा महिने द्यावे लागतात आणि त्यांच्यामुळे पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो, हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सांगावे लागते. टॅम्सुलोसिनची आणखी एक गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची आहे: ही गोळी सुरू असताना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याची बाहुली नीट विस्फारत नाही, म्हणून मोतीबिंदूच्या शिबिरात नाव देताना ही गोळी चालू असल्याचे आवर्जून सांगावे. रात्री उठताना चक्कर येऊ शकते, त्यामुळे खाटेवरून एकदम उभे राहू नये.

लघवी पूर्ण तुंबून नळी घालावी लागली आणि ती काढल्यावरही लघवी सुटली नाही, पिशवीत खडे झाले, वारंवार जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव होऊ लागला, अडथळ्यामुळे मूत्रपिंडावर परिणाम दिसू लागला, किंवा गोळ्यांनी पुरेसा उतार पडला नाही, तर शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. यातले काहीच नसेल तर परदेशाचा विचार सध्या बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: कोणती शस्त्रक्रिया, आणि ती इथे होते का

टीयूआरपी ही अनेक दशके रुळलेली पद्धत आहे. लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण आत घालतात आणि ग्रंथीचा वाढलेला भाग आतून खरवडून काढतात; पोटावर चीर नसते. साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीसाठी ती योग्य मानतात. ग्रंथी फार मोठी असेल तर होलेप ही लेझरची पद्धत उपयोगी पडते. तिच्यात वाढलेला भाग सालीपासून सुटा करून, बारीक करून बाहेर काढतात. काही ठिकाणी अजून पोटातून उघडी शस्त्रक्रियाही करतात. याशिवाय ग्रंथी दोन बाजूंना बांधून ठेवणारी युरोलिफ्ट, वाफेने ऊती आकसवणारी रेझूम आणि पाण्याच्या झोताने कापणारी ॲक्वाब्लेशन या नव्या पद्धती आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांना अनुक्रमे २०१३, २०१५ आणि २०१७ मध्ये मान्यता दिली. त्या सर्वांना लागू पडत नाहीत. फार मोठ्या ग्रंथीत युरोलिफ्ट आणि रेझूम करत नाहीत.

टीयूआरपी आणि होलेपनंतर बहुतेक पुरुषांत वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जाते. त्याने आरोग्याला अपाय होत नाही आणि ताठरता सहसा टिकते, पण ही गोष्ट शस्त्रक्रियेनंतर कळली तर माणूस मनातून खचतो. मुलासमोर हा विषय निघणार नाही, म्हणून डॉक्टरांनी बाबांना एकट्याला बसवून सांगावे अशी विनंती आधीच करून ठेवावी.

टीयूआरपी ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट नाही. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मिहानमधील एम्स, वर्ध्याजवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि अमरावतीचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय ही नावे विदर्भातल्या लोकांना ओळखीची आहेत. यांपैकी जवळच्या एका ठिकाणी युरोलॉजी विभागाचा ओपीडीचा वार विचारून आधी तिथले मत घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचा लाभ देशातल्या अंगीकृत रुग्णालयांतच मिळतो. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजते. परदेशी जाताच हे कवच गळून पडते. उलट, अनेक देशांचे रुग्ण अशाच शस्त्रक्रियांसाठी मेडिकल व्हिसा काढून भारतात येतात, हेही मुलाला सांगण्यासारखे आहे.

चौथी पायरी: परदेशी जाण्याला कारण काय

पटण्यासारखी कारणे दोन-तीनच आहेत. वडील मुलाकडे कित्येक महिने राहणारच आहेत आणि तिथल्या विम्यात आई-वडिलांवरचे उपचार लेखी स्वरूपात समाविष्ट आहेत. गावात सांभाळायला कोणीच नाही. किंवा डॉक्टरांनी सुचवलेली विशिष्ट पद्धत इथे मिळत नाही. "तिकडचे ते चांगलेच" एवढ्या कारणावर साठ-सत्तर वर्षांच्या माणसाला इतका लांब नेऊ नये.

कारण पक्के असेल तर तिथल्या रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक मागवावे. त्यात शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, काढलेल्या तुकड्यांची पॅथॉलॉजी, राहण्याच्या रात्री, आणि मुख्य म्हणजे रक्तस्रावामुळे पुन्हा दाखल व्हावे लागल्यास लागणारा खर्च, हे सर्व वेगवेगळे दाखवलेले असावे. "पॅकेज" या शब्दावर समाधान मानू नये. मध्ये एजंट असेल तर त्याच्या खासगी खात्यात पैसे न भरता थेट रुग्णालयाच्या खात्यात भरावेत.

पाचवी पायरी: कागदपत्रे

खेड्यातल्या कुटुंबांचे घोडे सर्वांत जास्त इथेच अडते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर "भाऊ" किंवा "जी" लावलेले दुसरे, सातबारावर तिसरे आणि जन्मतारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी, असे वय झालेल्या माणसांच्या बाबतीत सर्रास आढळते. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी आधार आणि पॅन यांवरचे नाव, आडनाव, इंग्रजी स्पेलिंग व जन्मतारीख एकसारखी करून घ्यावी. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. विदर्भासाठी प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे आणि काही शहरांत टपाल कार्यालयातही पासपोर्ट सेवा केंद्रे आहेत. पोलीस पडताळणीसाठी बाबा ज्या पत्त्यावर प्रत्यक्ष राहतात तोच पत्ता अर्जात द्यावा. सोबत आईही जाणार असेल तर दोघांचे अर्ज एकत्रच भरावेत.

व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलतही राहतात, म्हणून त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच खात्री करावी. अमेरिकेत उपचारांसाठी बी-२ व्हिसा चालतो, पण इथल्या डॉक्टरांचे निदानपत्र, तिथल्या रुग्णालयाचे खर्चासह पत्र आणि पैसे कोण भरणार याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये खासगी उपचारांसाठी व्हिजिटर व्हिसा ११ महिन्यांपर्यंत मिळू शकतो. जर्मनीसारख्या शेंगेन देशांच्या (एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या) अल्पमुदतीच्या व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, परंतु तो अचानक आलेल्या आजारासाठी असतो. ठरवून केलेल्या प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून मिळत नाही. जायचे उपचारांसाठी आणि व्हिसा अर्जात लिहायचे "मुलाला भेटायला", असे मात्र करू नये. विमानतळावर औषधांची फाईल पाहून अधिकारी प्रश्न विचारतात आणि माणूस अडकतो.

पैशांबाबत थोडक्यात एवढेच की, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. एप्रिल २०२५ पासून, वर्षाला १० लाख रुपयांपलीकडे जाणाऱ्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कापला जाणारा कर, आकारते. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरल्यावर त्याचे समायोजन होते. पैसे पाठवताना "वैद्यकीय उपचार" हाच हेतू नोंदवावा आणि रुग्णालयाचे पत्र जोडावे. बहुतेक भारतीय आरोग्य विमा पॉलिसी परदेशातला ठरवून केलेला उपचार देत नाहीत; अपवाद असल्यास तो कंपनीकडून लेखी घ्यावा.

सहावी पायरी: निघण्याआधीची तयारी

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी अन्य गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांनी आणि शल्यचिकित्सकाने मिळून ठरवायचे असते. गावातल्या मेडिकलवाल्याच्या किंवा पुतण्याच्या सल्ल्याने नव्हे. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू आढळले तर आधी त्यांचा उपचार पूर्ण करावा. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्याच नव्हे तर इतर जिल्ह्यांतल्या रुग्णांनीही ही तपासणी करून घ्यावी आणि भूलतज्ज्ञाला अहवाल दाखवावा. आजार असलेल्या माणसासाठी भूल आणि विमानातला कमी प्राणवायू या दोन्ही गोष्टी जोखमीच्या ठरतात. घरात कोणाला सिकलसेल असेल तर परदेशातल्या डॉक्टरला ते आपणहून सांगावे, कारण तिकडे तो प्रश्न विचारला जाईलच असे नाही.

सर्व अहवालांची एक फाईल करावी. तिच्या पहिल्या पानावर इंग्रजीत वय, आजार, ॲलर्जी, गोळ्यांची मूळ नावे आणि मात्रा, ग्रंथीचे आकारमान, उरलेली लघवी, पीएसए व क्रिएटिनिन एवढेच असावे. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या वेदनाशामकांवर कडक निर्बंध आहेत, तेव्हा गुडघेदुखीची कुठली गोळी सोबत आहे तेही पाहून घ्यावे.

शक्य असेल तर पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शस्त्रक्रिया ठरवू नये. घरच्यांना वेळ नसतो आणि बाबांनाही घरात स्वस्थ बसवत नाही.

सातवी पायरी: प्रवास आणि रुग्णालयातले दिवस

विमानात बाजूच्या मार्गिकेलगतची जागा आणि विमानतळावर व्हीलचेअर आधीच मागून ठेवावी. लघवीच्या भीतीने पाणी तोडू नये. लघवी तुंबवण्यात सर्दीच्या काही गोळ्यांचा आणि दारूचा मोठा हात असतो; लांबच्या प्रवासाआधी व प्रवासात त्या टाळाव्यात. आधीपासून नळी असेल तर पायाला बांधायची छोटी पिशवी लावावी, विमानात चढण्यापूर्वी ती रिकामी करावी आणि नळी का आहे याचे पत्र जवळ ठेवावे.

शस्त्रक्रिया बहुधा कमरेत भूल देऊन होते. नंतर तीन वाटांची जाड नळी घालून पिशवी सतत धुतात आणि बाहेर येणारे पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग फिके होत जाते. टीयूआरपीनंतर नळी साधारण एक ते तीन दिवसांत काढतात. नळी काढल्यावर लघवी स्वतःहून नीट झाली आणि आत किती उरली ते तपासले, याखेरीज रुग्णालय सोडू नये. भाषेचा प्रश्न असेल तर मुलाने त्या दिवशी रजा घ्यावी. दुभाष्याकडून "दुखते का" एवढेच कळते, "लघवीला गेल्यावर थांबून थांबून येते" हे कळत नाही. निघताना शस्त्रक्रियेचा अहवाल, सुटीचे पत्र, तुकड्यांचा पॅथॉलॉजी अहवाल आणि युरोलिफ्ट केली असेल तर बसवलेल्या क्लिपांची माहिती देणारे कार्ड मागून घ्यावे. पुढे एमआरआय करताना ते लागते.

आठवी पायरी: परतीचे सहा आठवडे

लांबचा विमानप्रवास लगेच करू नये. किती दिवसांनी चालेल ते शल्यचिकित्सकाकडून लेखी घ्यावे आणि परतीचे तिकीट बदलता येईल असेच काढावे. यामागे दोन कारणे आहेत. तासन्‌तास बसून पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतर वाढलेला असतो. दुसरे म्हणजे, साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास आतल्या जखमेची खपली सुटते आणि सगळे ठीक चालले असताना एकाएकी लघवी पुन्हा लाल होते. बहुतेकदा भरपूर पाणी पिऊन आराम केल्यावर ती निवळते, पण गाठी अडकून लघवी बंद झाली तर पिशवी धुवावी लागते, आणि ते विमानात होत नाही.

ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही सहसा होत नाही. म्हणून बाबा परत येण्याआधीच गावापासून जवळ कोणत्या रुग्णालयात सर्जन किंवा युरोलॉजिस्ट रात्रीही मिळतो, हे विचारून ठेवावे आणि फाईलची एक प्रत तिथे दाखवून यावी. लघवी बंद होऊन ओटीपोट फुगले, काळ्या-लाल गाठी पडू लागल्या, थंडी वाजून ताप आला, एक पाय सुजून दुखू लागला किंवा दम लागला, तर सकाळच्या एस.टी.ची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

या काळात डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी प्यावे, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र हे प्रमाण विचारूनच ठरवावे. शौचाला जोर लावावा लागू नये म्हणून भाजी, फळे आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले सौम्य रेचक घ्यावे. डवरणी, फवारणीचा पंप पाठीवर घेणे, कापसाचे गाठोडे उचलणे, सायकल, मोटारसायकल आणि खाचखळग्यांतून बैलबंडीचा प्रवास हे सर्व चार ते सहा आठवडे बंद असावे. "आता बरे वाटते" म्हणून बाबा तिसऱ्याच आठवड्यात वावरात जायला निघतात, आणि तेव्हा त्यांना थांबवणारा माणूस घरात लागतो. जळजळ, घाई आणि क्वचित कपड्यात गळणे काही आठवडे राहू शकते. होलेपनंतर ते काहींना काही महिनेही जाणवते आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाने बहुधा कमी होते.

तीन महिन्यांच्या सुमारास युरोफ्लो आणि उरलेल्या लघवीची सोनोग्राफी पुन्हा करून जुन्या आकड्यांशेजारी लिहावी. पीएसएही तेव्हा पुन्हा तपासावे, कारण ग्रंथीचा बाहेरचा भाग शस्त्रक्रियेनंतरही शिल्लक राहतो, त्यात पुढे कर्करोग होऊ शकतो आणि तो ओळखण्यासाठी शस्त्रक्रियेनंतरचा नवा आकडाच आधार म्हणून धरावा लागतो. तो आकडा, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर चढवावी आणि फाईल पासपोर्टसोबत मुलाकडे न ठेवता बाबांच्या घरी ठेवावी.